लेकरावर नजर कुणाची? अंगणवाडी आणि पाळणाघर पारखताना

वेचणीच्या दिवसांत इतक्या माय-बहिणी इथे येऊन बसल्या, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून बसल्या. याची आम्हाला जाणीव आहे, म्हणून पाल्हाळ न लावता थेट विषयाला हात घालतो.

आपलं लेकरू दिवसाचे चार-सहा तास आपण दुसऱ्याच्या हवाली करतो. ती जागा चांगली आहे की नाही, तिथे लेकरू सुखरूप राहील की नाही, हे पारखायचं कसं? पुण्या-मुंबईत हा प्रश्न पाळणाघराचा असतो. आई-बाप दोन-चार ठिकाणं पाहतात, फी विचारतात आणि एक निवडतात. आपल्या संग्रामपूर तालुक्यात निवडायला दुसरं काही नसतं. गावात अंगणवाडी असते, नाहीतर घरची आजी किंवा दहा वर्षांची मोठी बहीण असते, नाहीतर लेकरू वावरात जातं आणि धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत झोपतं. निवड नाही म्हणून पारख नको, असं पुष्कळांना वाटतं. आमचं म्हणणं उलट आहे. जिथे दुसरी जागा नाही, तिथे आहे ती जागा नीट आहे ना हे पाहणं जास्त गरजेचं आहे.

अंगणवाडी हे नाव आलं कुठून

हा शब्द आपल्या महाराष्ट्रातला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. तिथली मुलं शाळेत येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा.

यातली एक गोष्ट आज आपण विसरलो आहोत. ती शाळा अंगणात होती, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. दळण दळणारी आजी, पाणी भरणारी शेजारीण, जाता-येता कुणीही पाहत होतं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात आपल्या शेजारचं मेळघाटातलं धारणी त्या पहिल्या यादीत होतं. अंगणवाडी सरकारी झाली, तिला इमारत मिळाली, रजिस्टरं आली, मोबाइल आला. हे सगळं हवंच होतं. पण अंगण गेलं, आणि अंगणासोबत गावाची नजरही गेली. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचं सार इतकंच, की केंद्राची पारख म्हणजे गावाची ती नजर परत आणणं.

सरकारनेच दिलेलं माप

पारखायला माप लागतं. ते आपल्या मनाने ठरवायची गरज नाही. लहान वयातील संगोपन आणि शिक्षणाचं राष्ट्रीय धोरण २०१३ साली आलं. त्यात काही गोष्टी कोणत्याही केंद्रात असल्याच पाहिजेत, असं लिहिलं आहे. तीस मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरची खोली हवी. आपल्या भाषेत सांगायचं तर पंधरा फूट बाय पंचवीस फूट. बाहेर खेळायला किमान ३० चौरस मीटर जागा हवी. इमारत पक्की आणि पोहोचायला सोपी हवी. पिण्याचं पाणी सुरक्षित हवं. मुलांना वापरता येईल असं शौचालय आणि हात धुवायची सोय हवी. स्वयंपाकाची जागा वेगळी हवी, आणि थोडा वेळ झोपायची सोय हवी.

आणखी एक अट आहे, आणि ती आमच्या मते सगळ्यांत मोठी आहे. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस.

केंद्रात गेलात की आधी भिंतीवरची चित्रं पाहू नका. मुलं मोजा. मग त्या क्षणी मुलांकडे ज्यांचं लक्ष आहे अशी मोठी माणसं मोजा. हजेरीपटावरची माणसं नको, प्रत्यक्ष नजर ठेवणारी. सेविका रजिस्टर भरत असेल किंवा मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये माहिती टाकत असेल, तर ती त्या क्षणी मोजायची नाही. मदतनीस चुलीपाशी असेल तर तीही मोजायची नाही. कागदावर दोन बाया आणि पंचवीस मुलं, हिशेब बरोबर. खोलीत मात्र पंचवीस मुलं आणि नजर शून्य. धोका तिथे असतो.

यात सेविकेचा दोष काढायचा नाही, हे आम्ही ठासून सांगतो. घरभेटी, वजनं, लसीकरणाचा दिवस, कधी मतदार यादी, कधी कुठला सर्व्हे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचं कामही सेविकांकडे होतं. त्या दिवसांत मुलांकडे कोण पाहत होतं, हा प्रश्न गावाने विचारायला हवा होता. सेविकेला नव्हे, काम वाढवणाऱ्यांना.

नजर असली की काय होतं

नजरेचं महत्त्व किती, याचा एक दाखला बांगलादेशातून देतो. तिथे घरोघरी तळी. एक ते चार वर्षांची पोरं मोठ्या संख्येने बुडून मरायची. अभ्यास केला तेव्हा दिसलं की बहुतेक मृत्यू सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत होतात. आई स्वयंपाकात किंवा कामात, आणि लेकरू अंगणातून तळ्यापर्यंत गेलेलं. मग त्याच वेळेत चालणारी साधी केंद्रं काढली. नाव ‘आंचल’, म्हणजे पदर. गावातल्याच बाईच्या घरी, जोडीला एक मदतनीस, आणि वीस-पंचवीस मुलं. त्या केंद्रांत येणाऱ्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळलं. तिथे महागडं काही नव्हतं. धोक्याच्या वेळी जबाबदार माणूस जवळ होतं, एवढंच.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वावरात विहिरी आहेत, शेततळी आहेत. डोंगराच्या बाजूला विंचू-साप आहेत. आपली धोक्याची वेळ कोणती? वेचणीची बाई सकाळी वावरात जाते ती संध्याकाळी परत येते. अंगणवाडी दुपारी सुटते. मधल्या तीन-चार तासांत लेकरू कुणाकडे असतं? म्हणून कोणतंही केंद्र पारखताना हा प्रश्न विचारायचाच: लेकरू कुणाच्या हाती सोपवलं जातं? घरून न्यायला मोठं माणूस आलं नाही तर सेविका काय करते? सात वर्षांच्या बहिणीच्या हाती चार वर्षांचा भाऊ देऊन कुलूप लावलं जात असेल, तर आपली सुरक्षितता त्या कुलपाशीच संपली.

पाणी: आपल्या तालुक्याची खास परीक्षा

पुण्याहून छापून येणाऱ्या तपासणी-यादीत पाण्यासमोर एक चौकट असते: सोय आहे किंवा नाही. संग्रामपुरात तेवढ्यावर भागत नाही. तालुक्याची उत्तर बाजू सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याला लागून आहे. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी मूत्रपिंडाचे आजार पाहिले आहेत. ते आम्ही तुम्हाला काय सांगावं! वान प्रकल्पावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली ती याच दुखण्यापायी.

म्हणून विचारायचं ते असं: अंगणवाडीच्या माठातलं पाणी कुठलं? नळाचं की हातपंपाचं? नळाला पाणी आलं नाही त्या दिवशी काय करता? बोअरचं पाणी असेल तर दोन वेगळ्या तपासण्या लागतात, आणि त्यांची गल्लत होते. जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात आहे की नाही हे ओटी टेस्टने कळतं. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पण ओटी टेस्ट क्षारांबद्दल काहीच सांगत नाही. क्षारांचं माप टीडीएस. भारतीय मानकाप्रमाणे ते एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा.

पुष्कळ माय-बहिणी म्हणतात, आम्ही पाणी उकळून देतो. उकळल्याने जंतू मरतात, हे खरं. क्षार मात्र जात नाहीत. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, म्हणून ते थोडे वाढतातच. खाऱ्या पाण्यावर उपाय दोनच: गोड्या पाण्याचा स्रोत, नाहीतर आरओ. आणि ज्या गावात आरओचं यंत्र बसवलं आहे तिथे विचारा, ते चालू आहे का, आणि अंगणवाडीपर्यंत त्याचं पाणी पोहोचतं का.

स्वयंपाकघर आणि फवारणीचा डबा

आता जी गोष्ट सांगणार आहोत ती ऐकायला कठीण आहे. १६ जुलै २०१३. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. शाळेच्या दुपारच्या जेवणातून विषबाधा झाली आणि २३ मुलं गेली. तपासणीत मोनोक्रोटोफॉस निघालं. हे कीटकनाशक आपल्या कपाशीच्या पट्ट्यात लहान पोरालाही नावाने माहीत आहे. ते जेवणाच्या तेलात आलं होतं.

गंडामन लांब आहे, पण फवारणीचे रिकामे डबे आपल्याकडे घरोघरी आहेत. धुऊन त्यात तेल, रॉकेल, कधी पाणीसुद्धा ठेवलं जातं. असा डबा धुऊन निर्धोक होत नाही. म्हणून अंगणवाडीत गेलात की स्वयंपाकाच्या जागेत दोन मिनिटं उभे राहा. तेल कशात ठेवलं आहे? शेजारी खत, औषध, पंप असं काही आहे का? खोली भाड्याची किंवा कुणाच्या गोठ्याला लागून असेल तर हे जास्त बारकाईने पाहा. मुलांना वाढण्याआधी मोठं माणूस चव घेतं का? तेलाला वास आला, अन्न कडू लागलं, तर ते फेकून द्यायचा अधिकार मदतनीसाला आहे का, की वरून विचारून यावं लागतं? गंडामनचा धडा आम्ही असा घेतो: शंका येणाऱ्या माणसाला थांबवायचा अधिकार असला पाहिजे.

तारीख तीच, वर्ष २००४. १६ जुलैला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, गवताचं छप्पर पेटलं आणि ९४ मुलं गेली. म्हणून चूल किंवा गॅस मुलांच्या खोलीत नको, आणि खोलीचं दार आतून-बाहेरून सहज उघडलं पाहिजे. मुलं बाहेर पळू नयेत म्हणून दाराला कडी लावणं समजू शकतो. पण ती कडी मोठ्या माणसाच्या हाताशी हवी, कुलूप नको.

चांगलं केंद्र कसं ओळखावं

आतापर्यंत लेकरू सुखरूप राहण्याचं पाहिलं. पण सुखरूप तर खोलीत कोंडलेलं लेकरूही राहतं. ते वाढतंय का, शिकतंय का, हे पाहणं म्हणजे गुणवत्ता पाहणं.

आधी वाढ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. हे मोजायला तुमच्याकडे काटा नाही. पण खिचडीत डाळ दिसते का, हे डोळ्यांना दिसतं. दंडाच्या घेराची रंगीत पट्टीही तुम्हाला वाचता येते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच दवाखाना. ११.५ ते १२.५ च्या मधे पिवळं. त्याच्या वर हिरवं. आपल्या लेकराचं मागच्या महिन्याचं वजन किती, या महिन्याचं किती, हे प्रत्येक आईने विचारलं पाहिजे. सेविका पटकन सांगू शकली, तर समजा की मोजमाप खरंच होतं आहे.

मग शिकणं. पालक विचारतात, पोराला एबीसीडी येते का? चार वर्षांच्या लेकराच्या अंगणवाडीत हे पाहायचंच नाही. पाहायचं ते असं: पंधरा मिनिटांत सेविका किती मुलांशी नाव घेऊन बोलली? मूल काही सांगत होतं तेव्हा ती थांबून ऐकत होती का? मुलांच्या हातात काही होतं का, चिंचोके, बाहुल्या, रंग, माती? की सगळी हाताची घडी घालून गप्प बसली होती? गप्प बसलेली खोली पाहुण्याला शिस्तीची वाटते. आम्हाला ती काळजीची वाटते.

डोंगराकडच्या वस्त्यांत आणखी एक गोष्ट. तिथे घरात कोरकू किंवा भिलाली बोलली जाते. मराठीच कळत नसेल तर ते लेकरू दिवसभर मुकं बसतं, आणि आपण म्हणतो की ते लाजाळू आहे. सेविकेला किंवा मदतनीसाला त्याची बोली येते का, हा तिथे गुणवत्तेचा पहिला प्रश्न आहे.

शेवटचं, आणि हे बोलायला संकोच वाटतो म्हणून मुद्दाम बोलतो. लेकराला कुणी वाईट हेतूने हात लावला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दडपणं हा गुन्हा आहे. केंद्रात बाहेरचा माणूस मुलासोबत एकटा राहू शकतो का, हे पाहा. शौचालयात मुलांना कोण नेतं, विचारा. जायला कालपर्यंत उड्या मारणारं लेकरू आज अचानक रडायला लागलं, तर रागावू नका. जवळ बसा आणि ऐका. मुलांसाठीच्या मदतीचा नंबर १०९८ आहे. तो भिंतीवर मुलाच्या आणि आईच्या नजरेत येईल असा लिहिलेला असावा.

पारख झाली, पुढे काय

इथे एका ताईंनी विचारलं, “हे सगळं पाहिलं आणि खोट निघाली, तर भांडायचं कुणाशी? सेविका तर आपल्याच गावची लेक.”

ताई, प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर असं, की आधी खोट कुणाच्या हातातली आहे ते वेगळं काढा. मुलाशी बोलणं, हात धुवायला लावणं, दार-कडी, हे सेविका आणि मदतनीसाच्या हातात आहे. ते त्यांच्याशी बसून, गोडीत बोलून होतं. पाणी, छप्पर, शौचालय हे ग्रामपंचायतीचं काम आहे. ते ग्रामसभेत मांडा आणि ठरावात लिहून घ्या. आहार न येणं, रिकामं पद, कामाचा जादा बोजा, हे पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. अर्जावर सेविकेचीही सही घ्या. ती तुमच्या विरोधात उभी राहणार नाही, कारण तिचंच ओझं तुम्ही मांडता आहात.

ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही, तिने ऐकावं. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला सांगितलं आहे, की सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे.

आणि दुपारनंतरच्या त्या तीन-चार तासांचं काय? कारखान्यात तीसहून जास्त बाया असतील तर १९४८ च्या कायद्याने २०२५ पर्यंत पाळणाघर लागायचं. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुरुस्तीने ते सक्तीचं केलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच लहान मुलं आली तर एका बाईला त्यांच्याकडे पाहायला नेमायची सोय होती. कापूस वेचणाऱ्या बाईच्या वावराला यातला कुठलाच कायदा लागत नाही. पण ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना आहे. त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात आणि सहा महिने ते सहा वर्षांची मुलं दिवसभर सांभाळतात. देशभर अशा १७ हजार केंद्रांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. आपल्या गावाने त्यासाठी मागणीच केली नाही, तर ते आपल्या वाट्याला येणार कसं?

जाता जाता एवढंच करा. या आठवड्यात न सांगता एक तास अंगणवाडीत जाऊन बसा. खुर्चीवर नको, सतरंजीवर, मुलांच्या उंचीला. मुलं मोजा, नजर ठेवणारी माणसं मोजा, माठातलं पाणी पिऊन पाहा, तेलाचा डबा पाहा आणि शेवटचं लेकरू कुणाच्या हाती जातं ते पाहून घरी या. पुढच्या आठवड्यात दुसरी आई जाईल, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. बाप गेले तर आणखी बरं. वर्षाचे बावन्न आठवडे आहेत आणि गावात पालक त्याहून जास्त आहेत. असं झालं तर एका माणसाची पाळी वर्षातून एकदाच येते, आणि अंगणवाडीला तिचं अंगण परत मिळतं.

आता प्रश्न घेऊ. आधी मागे बसलेल्या मदतनीस ताईंना बोलू द्या, त्यांनी मघापासून हात वर केला आहे.